थोडं थांबून बघू या

अभिनंदन! बाळ दीड महिन्याचं झालं. त्याची मान अजून धरत नाही, पण तुमची मतं मात्र चांगली ताठ उभी राहायला लागली आहेत. लस द्यायचीच नाही, असं तुम्ही म्हणत नाही. तसं म्हणणारे लोक वेगळे, त्यांच्याशी निदान भांडता तरी येतं. तुम्ही शिकलेले, समंजस, हळू आवाजात बोलणारे. खुर्चीच्या कडेवर बसून तुम्ही एवढंच विचारता, "डॉक्टर, थोडं थांबून बघू या का?"

गेली कित्येक वर्षं मी लहान मुलांना तपासतोय. या प्रश्नावर दर वेळी माझं उत्तर लांबत जातं, तुमचं लक्ष घड्याळाकडे जातं आणि बाळ झोपून जातं. म्हणून यापुढे समजावणं बंद. थांबायचंच आहे ना, मग शिस्तीत कसं थांबावं ते तरी शिकून घ्या.

सुरुवात कार्डापासून. लसीकरणाचं कार्ड हा फार कटकटीचा कागद. त्यावर तारखा असतात, आणि तारखा माणसाला टोचतात. ते बाळाच्या फायलीत ठेवू नका, तिथे ते सापडतं. वॉशिंग मशीनच्या वॉरंटीबरोबर सरकवून द्या. माझ्याकडे मध्यंतरी एक कार्ड आलं. चार घड्या घातलेलं, आणि घड्या जिथे मिळतात तिथे झिजून भोक पडलेलं. भोक नेमकं दुसऱ्या डोसच्या चौकोनात. बाबा म्हणाले, "दिला असावा." आई म्हणाली, "तूच नेलं होतंस ना?" मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, जणू ते भोक मी पाडलं. (अशा वेळी करायचं ते अगदी सोपं असतं. नोंद नाही म्हणजे डोस नाही असं धरायचं आणि द्यायचा. आधी दिलेला असला तरी जास्तीच्या एका डोसनं सहसा काही बिघडत नाही. आणि मध्ये महिने गेले म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे जायचं. पण हे तुम्हाला कळलं तर लाजेपोटी दवाखाना टाळायचं कारणच उरणार नाही, तेव्हा हा कंस वाचू नका.)

आता थांबायचं कशासाठी, ते कारण तयार ठेवा. सगळ्यांत खपणारं कारण म्हणजे "अंगात जरा ताकद येऊ दे." हे म्हणताना आवाजात काळजी हवी. वेळापत्रक कुणी तरी ऑफिसात बसून सोयीनं आखलंय, ही समजूतही सोडू नका. ती सोडलीत तर कळेल की प्रत्येक तारखेमागे दोन घड्याळं चालू असतात, एक बाळाच्या अंगातलं आणि एक आजाराचं. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातले आजाराशी लढणारे पहारेकरी, बाळाला काही महिने सांभाळतात. गोवराची लस त्या काळात घाईनं दिली तर हीच प्रतिपिंडं तिला निकामी करतात, आणि फार उशीर केला तर प्रतिपिंडं संपलेली, लस नाही, बाळ उघड्यावर. ही फट जेवढी लहान करता येईल तेवढी करायची म्हणून साधारण नऊ ते बारा महिन्यांचा मुहूर्त. डांग्या खोकल्याचं गणित निराळं. त्यात जीव जातात ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतल्या बाळांचे. म्हणून पहिला डोस दीड-दोन महिन्यांनाच, आणि बऱ्याच देशांत तर आईला गरोदरपणातच लस देतात, म्हणजे बाळ जन्मतानाच थोडी शिदोरी घेऊन येतं. ताकद येईपर्यंत थांबायचं म्हणजे आजाराला त्याची सगळ्यांत आवडती वेळ मोकळी करून द्यायची. पाहुणचारात तुमचा हात कुणी धरणार नाही.

अशा एका बाळाशेजारी मी रात्र काढली आहे. मोठ्या मुलाला डांग्या खोकला झाला की उबळ संपताना श्वास आत ओढल्याचा एक लांब, किंचाळल्यासारखा आवाज येतो. त्या बाळात तो आवाज काढण्याइतकाही जोर नव्हता. ते खोकायचं आणि मग थांबायचं. नुसतं थांबायचं. ओठ जांभळे, मग राखाडी. सिस्टर तळपायावर टिचकी मारायची, छाती पुन्हा हलायची, आणि आम्ही दोघं मॉनिटरकडे बघत बसायचो. बाळ वाचलं. थांबून बघणं म्हणजे काय असतं, ते त्या रात्री मला फार जवळून बघायला मिळालं.

एका अख्ख्या देशानं हा प्रयोग करून ठेवला आहे, त्यामुळे तुम्ही नवीन काही करताय असं समजू नका. जपानमध्ये १९७४ साली डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते, मृत्यू एकही नाही. त्या सुमारास लस घेतलेली दोन बाळं दगावली, लोक घाबरले, घाबरणं साहजिकच होतं. १९७५मध्ये लस काही काळ बंद केली आणि पुन्हा सुरू केली ती दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. जरा मोठं होऊ दे, अंगात ताकद येऊ दे! तोवर बहुतेक आईबापांनी लशीचा नादच सोडला होता. १९७९मध्ये रुग्ण १३,०००च्या वर आणि मृत्यू ४१. पुढे १९८१पासून तिथे कमी ताप आणणारी सुधारित लस आली. म्हणजे घाबरण्यातून चांगलंही काही निघालं, फक्त मधल्या वर्षांचा हिशेब बाळांनी चुकता केला.

दुसरं मत घ्यायला विसरू नका. मत देणारा निवडताना माणूस पारखून घ्या. माझी शिफारस त्या ब्रिटिश डॉक्टरची, अँड्र्यू वेकफिल्ड यांची. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध असावा, ही शंका त्यांनी १९९८मध्ये ज्या शोधनिबंधातून जगभर पेरली, त्यात मुलं होती १२. बारा! किती आटोपशीर आकडा, एका फॅमिली ग्रुपमध्ये मावेल. तो निबंध २०१०मध्ये नियतकालिकानं मागे घेतला आणि त्याच वर्षी या गृहस्थांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून खोडलं गेलं. उलट डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१९मध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून सांगितलं की असा संबंध दिसत नाही. पण साडेसहा लाख मुलांचं कुणाला काय पडलंय? एवढी नावं लक्षात तरी राहतात का?

'एवढ्या लशी एकदम दिल्या तर प्रतिकारशक्तीवर ताण येईल' हा मुद्दाही हाताशी असू द्या. परवा एक बाबा हा मुद्दा मला फार मन लावून सांगत होते. सांगता सांगता त्यांच्या मांडीवरच्या लेकीनं त्यांची गाडीची किल्ली तोंडात घातली, मग ती जमिनीवर टाकली, बाबांनी उचलून दिली, तिनं पुन्हा तोंडात घातली. त्या किल्लीवर काय काय राहत होतं ते मोजायला मला आवडलं असतं. जुन्या पद्धतीच्या डांग्या खोकल्याच्या एकट्या लशीत सुमारे ३,००० प्रतिजनं, म्हणजे प्रतिकारशक्तीला ओळखावे लागणारे घटक, असायची. तिच्या जागी नवी लस वापरणाऱ्या देशांत आजच्या सगळ्या लशी मिळून त्याच्या आसपासही जात नाहीत. पण त्या बोलत्या गृहस्थांना मध्येच कसं तोडणार? मी किल्ली मागून घेतली आणि पुसून परत दिली.

तुम्हाला थांबायची कला येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. ती येते, फक्त भलत्या कप्प्यात ठेवली आहे. बाळाला सर्दी झाली की दुसऱ्या शिंकेला फोन येतो, "अँटिबायोटिक सुरू करू या का? मागच्या बाटलीतलं थोडं उरलंय." इथे थोडं थांबून बघू या, हे कुणाला सुचत नाही. सर्दी विषाणूची, अँटिबायोटिक चालतं जिवाणूंवर, आणि नाकाला वेळ दिला तर ते आठवड्या-दीड आठवड्यात आपलं आपण कोरडं होतं. चार वर्षांचा मुलगा अंगात ताप असताना सोफ्यावरून उड्या मारतोय, तरी तुमच्या हातातला थर्मामीटर दर दहा मिनिटांनी त्याच्या काखेत. त्याला पॅरासिटामॉल द्यायचं तर वजनाच्या हिशेबानं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. मोजायचं बाटलीबरोबर आलेल्या मापानं, हाताला लागेल त्या चमच्यानं नव्हे. ॲस्पिरिन तर मुलांना तापासाठी द्यायचंच नाही. पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला असेल, तर रात्री दोन वाजताही डॉक्टरला उठवायचं असतं. नेमक्या त्याच रात्री तुम्ही शहाणपणानं म्हणता, "सकाळपर्यंत बघू."

आणखी एक. लस दिल्यावर मी तुम्हाला अर्धा तास बाहेर बसायला सांगतो. लशीची गंभीर ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांत एखाद्याला होते, झालीच तर बहुधा तेवढ्या वेळात कळते, आणि उपाय हाताशी असतो. मी स्वतःहून 'थांबा' म्हणतो ती ही जवळजवळ एकच जागा. सहा महिने थांबायला तयार असलेल्या तुम्हाला इथे अर्धा तास निघत नाही. गाडी भलत्या जागी लावलेली असते.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही, हे कबूल करतो. एका संध्याकाळी दवाखाना तुडुंब भरला होता, एका बाळाचं नाक थोडं वाहत होतं, आणि मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात या." साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची नसते, हे मला पाठ आहे. पण समजावण्यापेक्षा पुढे ढकलणं दोन मिनिटांनी स्वस्त पडतं. ते बाळ पुढच्या महिन्यात आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

'बाकीच्यांनी घेतलीय ना, मग आपल्याला काय धोका?' हा तर बिनतोड युक्तिवाद. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तो थोपवायला शंभरातल्या ९५ जणांनी लस घेतलेली असावी लागते. उरलेल्या पाच जागा कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या, फार तान्ह्या, खरोखरच लस घेता न येणाऱ्या मुलांच्या असतात. तुम्ही त्यांना जरा सरकून घ्यायला सांगताय, एवढंच. धनुर्वाताला मात्र हे लागू नाही. तो माणसाकडून माणसाकडे येत नाही, मातीतून येतो. शेजाऱ्यानं घेतलेल्या लशीची मातीला काय खबर?

थांबणाऱ्यांचा मानकरी कोण, तेही सांगतो. सोमालियातल्या मर्का गावच्या दवाखान्यात अली माओ मालीन नावाचा तरुण स्वयंपाकी होता. ऑक्टोबर १९७७मध्ये देवी झालेल्या दोन मुलांना घेऊन एक गाडी आली. तिला रस्ता दाखवायला तो आत चढून बसला. काही मिनिटांचाच प्रवास. लस त्यानं टाळली होती, सुई दुखेल असं वाटलं म्हणून, हे पुढे तोच सांगायचा. निसर्गातून देवी झालेला जगातला तो शेवटचा माणूस. तो बरा झाला, त्या गाडीतली सहा वर्षांची मुलगी गेली. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं देवी संपल्याचं जाहीर केलं. पुढे मालीन पोलिओच्या मोहिमेत काम करायला लागला आणि आईबापांना स्वतःची गोष्ट सांगत फिरला. २०१३मध्ये त्याच कामावर असताना मलेरियानं गेला.

भोक पडलेल्या कार्डाचं मघाशी राहून गेलं. ते आईबाबा गेल्या सोमवारी पुन्हा आले, नवीन कार्ड घेऊन, प्लास्टिकच्या पाकिटात. लशीच्या कुपीवरच्या लेबलात एक छोटं वर्तुळ असतं, त्यात फिकट चौकोन. उष्णतेनं तो हळूहळू काळवंडतो आणि वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. आईनं तो चौकोन स्वतः बघून घेतला. मी टोचलं. बाळानं आधी श्वास रोखला, मग छत हादरेल असं रडलं. भिंतीवरच्या घड्याळात मी मोजलं, पस्तीस सेकंद. मग ते माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढायला लागलं.

"बाबा कुठे गेले?" मी विचारलं.

"बाहेर थांबलेत," आई म्हणाली. "त्याला सुई बघवत नाही."