दोन एक्के आणि आठ गडी

हातात दोन एक्के आले की माझ्या पोटात गोळा येतो. जगभरचे पोकरवाले ह्याला नशीब म्हणतात. त्यांनी एकदा गणपतीत आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी येऊन खेळून दाखवावं.

बाहेर धो धो पाऊस, माजघरात सतरंजी आणि मधोमध चिंचोक्यांची रास. पूर्वी आमचं जागरण झब्बू आणि मेंढीकोटावर निभायचं; फार तर आज्जीचा डोळा लागल्यावर तीन पत्ती. मग बेंगळूरला नोकरीला असलेला भाचा राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं उतरला, तो टेक्सस होल्डेम नावाचा पोकरचा प्रकार घेऊनच. पैशाला हात लावायचा नाही, हे आज्जीनं पहिल्यांदाच बजावलं. भाचा म्हणाला, पैसे लावून ऑनलाइन खेळायला तर सरकारनंच २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. "उशिरा सुचलं," आज्जी म्हणाली, आणि चिंचोके मोजायला बसली.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मग मध्ये तीन उघडी, मग एक, मग आणखी एक. सातांतली उत्तम पाच धरायची. दर टप्प्याला चिंचोके घालायचे, नाहीतर पानं टाकून गप बसायचं.

सगळी मेख ह्या गप बसण्यात आहे. भाच्यानं वहीत मांडून दाखवलं: दोन पानांच्या जोड्या होतात १३२६, त्यांत दोन एक्के फक्त ६. म्हणजे २२१ वेळा वाटप झालं तर सरासरी एकदा. राजांची जोडी, राण्यांची जोडी, एकाच रंगाचे एक्का-राजा, असलं काही आलं तर खेळायचं; बाकीची बहुतेक पानं मुकाट टाकायची. आणि भारी पान आलं की लाजायचं नाही, पहिल्याच फेरीत तिप्पट-चौपट वाढवायचं, म्हणजे फुटकळ पानंवाले गळतात. समोर एकच गडी उरला तर दोन एक्के शंभरात ८५ वेळा जिंकतात. समोरचे आठही जण चिकटून राहिले तर ३५ वेळा.

आमच्याकडे आठही जण चिकटून राहतात. पान टाकणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणं. आत्ती म्हणते, "एवढं बसलोय तर बघतो की." धाकटे काका पानं उचलतच नाहीत, त्यांना तीन पत्तीतल्या ब्लाइंडची सवय. वैनींना राणी दिसली की दुसरं पान काय आहे ह्याच्याशी कर्तव्य नसतं. शेजारचे मास्तर रकमेकडं न बघता चिंचोके सारतात आणि कानडीत म्हणतात, "नोडोण री!" म्हणजे बघू या की. चोर्ला घाट उतरून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत बसून आलेले लोक आमच्या गल्लीत आहेत. ते सांगतात, तिथं माणसं पटापट पानं टाकतात. टाकणारच. तिथं खिशातलं जातं. इथं चिंचोके संपले तर आत्ती आत जाऊन बरणीच घेऊन येते. वर्षाची चिंच तिनंच फोडलेली असते.

तर त्या रात्री मला इस्पिक आणि बदामाचा एक्का आला. चेहरा शक्य तितका मढ्यासारखा ठेवून मी वीस चिंचोके पुढं सारले. एवढ्यानं निदान चौघं तरी गळतील, असा हिशेब. "वीस?" वैनींनी विचारलं, आणि वीस मोजले. मग सगळ्यांनी मोजले. आज्जीनं पानं हातभर लांब धरली, चष्मा वर-खाली केला आणि तिनंही मोजले, दोन-दोन करत, मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून.

उघडली किलवर सत्ती, चौकट दुर्री आणि बदाम राजा. मी आणखी तीस घातले. पुढं पंजी आली, गुलाम आला, माझे चिंचोके गेले. शेवटी आज्जीनं पानं उताणी केली. सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. सुरुवातीला येऊ शकणारं सगळ्यांत टाकाऊ पान म्हणून जगभर जे ओळखलं जातं, ते.

"माझ्या दोन जोड्या झाल्या. चालतंय काय?"

चालतंय. दोन एक्के म्हणजे शेवटी एकच जोडी.

"तुझ्याकडं काय होतं?"

"दोन एक्के."

"मग आधी सांगायचं नाही काय? टाकून दिली असती की!"

भाच्यानं माझं सांत्वन केलं. नऊ जणांनी सारखे घातलेल्या राशीत आपला रास्त वाटा शंभरात ११. एक्क्यांवर ३५ मिळतात. म्हणजे तिपटीनं फायदाच, फक्त लाँग रनमध्ये. गणित बिनचूक आहे, माझी तक्रार नाही. पण उरलेल्या ६५ वेळा रास दुसऱ्याकडं सरकताना बघत बसायचं, आणि आज्जी चौऱ्याऐंशीची. लाँग रन तिला सांगायचा कुणी? भाच्याचा आणखी एक सल्ला मात्र पटला: असल्या गड्यांपुढं थापा मारायच्या नाहीत. थापेला भ्यायला माणूस पानं टाकणारा लागतो.

पुढच्या वाटपाला मला राजांची जोडी आली. मी चिंचोके मोजायला लागलो, तोच आज्जीनं हात वर केला.

"थांब. एक्के आहेत काय?"

"नाहीत आज्जी. राजे आहेत. दोन."

"मग बसतो की मी," आज्जी म्हणाली. "एक एक्का माझ्याकडं आहे."