लर्नरबाईंचं अर्धंच काम सांगितलंत

अमेरिकन इतिहासकार गर्डा लर्नर यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला, पण तो त्यांनी सुरू केलेल्या स्त्री-इतिहासाच्या अभ्यासक्रमांपाशीच थांबला याची चुटपुट लागली. १९७२ साली त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांची पत्रं, जबान्या, भाषणं एका जाडजूड ग्रंथात आणली. गुलामीत लेकरांपासून तोडलेल्या आया तिथे स्वतःच्या शब्दांत बोलतात. त्याआधी पीएचडीसाठी निवडल्या ग्रिम्के भगिनी, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टनच्या गुलाममालकाच्याच लेकी, गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या. ही नजर आली कुठून? १९३८ साली व्हिएन्नात नाझींच्या तुरुंगात असताना त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली. ज्यू म्हणून अन्न कमी मिळायचं, तेव्हा कोठडीतल्या दोन बिगरज्यू बायका आपल्यातला घास त्यांना देत. आणि पीएचडी झाली चाळिशी उलटल्यावर, दोन मुलांचा संसार सांभाळून! हे लेखात यायलाच हवं होतं.