आमच्या घरात डाउन म्हणजे घरी येणारी गाडी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

सकाळी भाच्याला घेऊन एका ऑफिसात गेले होते, त्याच्या कागदपत्रांसाठी. सोन्या चौदा वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मागच्या टेबलाकडे ओरडल्या, "सर, एक डाउन केस आलीय, पाठवू का?" तिकडून उत्तर आलं, "सर्व्हर पण डाउन आहे, उद्या बोलवा."

'पण' म्हणे! मशीन बंद पडलं ते डाउन आणि आमचं पोरगंही डाउन.

सोन्या मात्र खिडकीपाशी जाऊन टाचा उंचावून बाहेर बघायला लागला. "आत्या, डाउन कुठाय?" त्याच्या लेखी डाउन म्हणजे गाडी. दुसरा अर्थ घरात त्याला कुणी शिकवलेलाच नाही.

आमचे आप्पा सोलापूरला रेल्वेत गार्ड होते. अप गाडी घेऊन दौंडला जायचे, डाउन घेऊन परत यायचे. आईच्या भाकरी डाउनच्या वेळेवर व्हायच्या. "डाउन कुर्डुवाडी सुटली" असं शेजारच्या काकांनी सांगितलं की आम्ही भावंडं प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभी राहायचो, कारण गार्डाचा डबा शेवटी. आधी हिरवा झेंडा दिसायचा, मग आप्पा. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा शब्द होता तो आमच्यासाठी.

आणि रेल्वेतल्या डाउनचा चढ-उताराशी काही संबंध नाही. आपल्या लाइनीवर मुंबईकडे तोंड ती अप, मुंबईकडे पाठ ती डाउन. मुंबई समुद्राला लागून, आपलं सोलापूर साडेचारशे मीटर उंचावर. म्हणजे डाउन गाडी मुंबईहून चढूनच येते ना! बोरघाट चढायला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात तिला. हे आप्पांनी आम्हाला पाटीवर खडूने रेघ काढून समजावलं होतं.

आता त्या आजाराच्या नावाचं. आजार तरी कशाला म्हणायचं, जन्मतःच 21व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, एवढंच. तर तो डाउन म्हणजे खालचा, कमी, मंद असं काही नाही. ते एका डॉक्टरांचं आडनाव आहे! जॉन लँगडन डाउन, इंग्लंडचे. 1866 साली त्यांनी या मुलांची लक्षणं पहिल्यांदा नीट लिहून ठेवली. (त्यांनी स्वतः दिलेलं नाव वाईटच होतं, तेही कबूल.) आडनाव कुलकर्णी असतं तर "कुलकर्णी केस आलीय" म्हणाला असता का?

आता जरा शांत झालेय. चहा घेऊन आले.

शब्दाचा तरी काय दोष म्हणा. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी. 'टेकडीवरून' असं म्हणता म्हणता त्याचा 'खाली' झाला. दक्षिण इंग्लंडातल्या टेकड्यांच्या रांगेला आजही साउथ डाउन्स म्हणतात. आपल्या 'उतरणे'चंही तसंच आहे. ताप उतरतो, राग उतरतो, दृष्ट उतरवतात. चेहरा उतरतो तसं माणूस पसंतीसही उतरतं. किती जीव आहे त्या शब्दात! आणि आपण मात्र बॅटरी डाउन, मार्केट डाउन, "आज जरा डाउन वाटतंय" यातच अडकलोय. अहो, उदास म्हणा, खट्टू म्हणा, हिरमुसलो म्हणा. मोहोळहून रोज अप-डाउन करणाऱ्यांचं सोडा, तो शब्द आता आपलाच झालाय. भाषेत बाहेरचे शब्द येणारच, सोलापुरात कन्नड-तेलुगू-दखनी ऐकत वाढलेल्या मला ते कुणी सांगायला नको.

त्या बाईंच्या मनात वाईट नसेल, हेही मानते. दिवसभर गर्दी, त्यात सर्व्हर बंद.

पण नाही. परत राग येतोय. त्याला ऐकू येतं हो! तो समोर उभा होता, नवा शर्ट घालून, भांग पाडून. घरी कुणी आलं की दारातल्या चपला जोडीजोडीने लावून ठेवणारं पोरगं आहे ते. आप्पा गेले तेव्हा सगळे रडत असताना त्यांचा हिरवा झेंडा कपाटातून काढून, घडी घालून, त्यांच्या उशाशी ठेवणारा तोच. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. त्याला केस म्हणता?

ऑफिसातून निघाल्यावर त्याचा हट्ट, डाउन बघायचीच. गेलो मग स्टेशनवर. टोकाला उभे राहिलो, जिथे आम्ही उभे राहायचो तिथेच. गाडी आली. शेवटच्या डब्यातल्या गार्डाला सोन्याने हात केला आणि त्यांनीही झेंडा जरा जास्तच वेळ हलवला. त्यांना काय माहीत हा कोण. तरी हलवला.

उद्या परत त्याच खिडकीवर जायचंय. फॉर्मवर सोन्याचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. आधी ते मोठ्याने वाचा म्हणणार आहे, मग पुढचं काम.