‘आपल्याकडे साय-फाय जमतच नाही’ म्हणणाऱ्यांना, एकदाच सविस्तर

गेल्या महिन्याभरात तो एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, शाळेच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि मावसभावंडांच्या. मजकूर साधारण असा, की भारतीय सिनेमाला सायन्स फिक्शन झेपत नाही कारण आपल्याकडे तेवढा पैसा नाही, जे बनतं ते हॉलिवूडची कॉपी असतं, विज्ञानाच्या नावाखाली शेवटी देवधर्मच येतो आणि मुळात आपल्या पब्लिकला हे कळत नाही. तुलनेला ‘ड्यून’ या हॉलिवूडपटाचा फोटो, आणि सगळ्यात खाली, ‘मराठीत तर विचारूच नका’. मी प्रत्येक ग्रुपवर तुटक तुटक उत्तरं दिली, पण तिथे कोण वाचतं, दोन मिनिटांत वर ‘शुभ सकाळ’ येतं. म्हणून इथे नीट लिहिते.

आधी पैशाचं बघू. २०१९ साली मल्याळममध्ये ‘अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५’ आला. उत्तर केरळातलं पय्यन्नूर, तिथे एक हट्टी म्हातारा बाप, मुलाला रशियात नोकरी लागते, बापाला सांभाळायला माणूस टिकत नाही कारण बाप कुणालाच टिकू देत नाही, शेवटी मुलगा कंपनीचा एक रोबोट घरी आणून ठेवतो. बस, एवढीच गोष्ट. आणि तो रोबोट म्हणजे बहुतेक वेळा चक्क एक पोशाख आहे, आत सूरज तेलक्काड नावाचा ठेंगणा कलाकार चालतोय. अवाढव्य सेट नाही, अंतराळयान नाही. म्हातारा आधी त्या यंत्राकडे बघायला तयार नसतो, आणि मग हळूहळू त्याला शर्ट-लुंगी नेसवायला लागतो.

हा सिनेमा मी बाबांबरोबर बघितलाय. आई गेल्यावर आम्ही बाबांसाठी दिवसभराचा माणूस ठेवला होता, एक नाही, लागोपाठ तीन, आणि तिघांनाही बाबांनी काही ना काही खुसपट काढून घालवलं. एकाचा चहा पांचट, दुसरा फोनवर फार बोलतो, तिसऱ्याचं तर कारणच सांगितलं नाही. मल्याळम आम्हाला ओ की ठो कळत नाही, सबटायटल बाबांना वाचता येत नव्हते म्हणून मी मधे मधे सांगत होते. लुंगी आली तेव्हा बाबा माझं सांगणं थांबवून म्हणाले, ‘कळलं कळलं, आता तो घरातला झाला.’ त्यानंतर मला फार काही सांगावंच लागलं नाही. आता मला सांगा, यात किती कोटी कमी पडले?

आणि मोठा पैसा लावणारेही आहेत की. तेलुगू ‘कल्की २८९८ एडी’चं बजेट सहाशे कोटींच्या घरात सांगितलं जातं. बरं, ज्या ‘ड्यून’चा फोटो मेसेजमध्ये लावलाय त्याच्या व्हीएफएक्सला, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यांना, ऑस्कर मिळालं, ते काम करणारी डीएनईजी ही मुंबईच्या प्राइम फोकसच्या मालकीची कंपनी आहे, आणि तिची ऑफिसं मुंबई-चेन्नईतही आहेत. हात आपल्याकडे आहेत हो. कमी पडते ती पटकथा, आणि पटकथा लिहिणाऱ्याला द्यायचा वेळ.

कॉपीचं. यातलं बरंच खरं आहे, उगाच कशाला नाकारू, ‘कोई मिल गया’ बघताना स्पीलबर्गचा ‘ईटी’ आठवत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण ‘ईटी’ आला १९८२ ला, आणि सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ची पटकथा लिहिली १९६७ ला. बंगालमधल्या एका खेड्यात तळ्यामध्ये यान उतरतं आणि त्याचं वर आलेलं टोक बघून गावकऱ्यांना वाटतं पाण्यातून देऊळच वर आलंय. कोलंबिया पिक्चर्सशी बोलणी झाली होती, ब्रिटिश नट पीटर सेलर्सचं नाव होतं, पण सिनेमा बनलाच नाही. पटकथेच्या प्रती मात्र अमेरिकेत फिरल्या, आणि त्या फिरल्या नसत्या तर ‘ईटी’ झाला नसता असं राय नंतर म्हणाले. स्पीलबर्गनी ते नाकारलं. कोण बरोबर हा वाद मी इथे सोडवणार नाहीये, पण ‘परग्रहावरचा माणूस’ ही कल्पना आपण फक्त उसनीच आणतो हे म्हणणं त्या तळ्यापाशीच बुडतं.

त्याही आधी, १९६३ ला, तमिळमध्ये ‘कलै अरसी’ आला, एमजीआर आणि भानुमती. परग्रहवासी पृथ्वीवर येतात आणि एका गायिकेला उचलून नेतात, का, तर त्यांना आपल्या ग्रहावर संगीत शिकवायला कुणीतरी हवं असतं! सोनं नको, जमीन नको, गाणं हवं. याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केरळातल्या थुंबाहून भारतातलं पहिलं रॉकेट उडालं. सिनेमाचे ट्रिक सीन आज कुणालाही साधे वाटतील, पण ही कल्पना कुठल्या हॉलिवूडची कॉपी आहे ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आणि ‘रोबोट’, म्हणजे तमिळ ‘एंदिरन’, २०१०. शेवटच्या अर्ध्या तासातल्या गोळीबार-मारामारीवर सगळे बोलतात, मला त्यातला आगीचा प्रसंग सोडत नाही. चिट्टी, म्हणजे त्यातला यंत्रमानव, जळत्या इमारतीतून माणसं बाहेर काढत असतो, एक मुलगी आंघोळ करताना आत अडकलेली असते, तो तिलाही उचलून खाली आणतो, जशी आहे तशी. त्याच्या हिशेबाने काम फत्ते, जीव वाचला. खाली कॅमेरे, गर्दी. ती मुलगी लाजेने पळत सुटते आणि गाडीखाली येते. यंत्राला सगळं पाठ आहे, फक्त लाज म्हणजे काय ते माहीत नाही, आणि त्या एका न शिकवलेल्या गोष्टीपायी वाचवलेला जीव जातो. मला तो प्रसंग बघवत नाही, त्या मुलीला कथेने असं मारायला नको होतं असंही वाटतं, पण यंत्राला माणसात सोडायचं तर काय काय शिकवावं लागेल हा प्रश्न इतका आपल्या गल्लीतला करून दुसरं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

देवधर्माच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबते, कारण इथे मला दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. पुराण वापरणं वेगळं आणि विज्ञानाच्या नावाने थाप मारणं वेगळं.

आरती कडव यांचा हिंदी ‘कार्गो’ घ्या. पुष्पक ६३४ए नावाचं अंतराळयान, त्यावर प्रहस्थ नावाचा राक्षस वर्षानुवर्षं एकट्याने नोकरी करतोय. काम काय, तर मेलेली माणसं येतात, त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, दुखापती बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवून द्यायचं. यमलोकाचं सरकारी खातं झालंय म्हणा ना. यंत्रं जुन्या सरकारी कचेरीत शोभतील अशी, प्रहस्थाचा चेहरा बदलीची वाट न बघणाऱ्या कारकुनाचा. पुनर्जन्म ही आपल्याकडे आजीच्या तोंडची गोष्ट, ती इथे एका शिफ्टचं काम होऊन येते आणि त्यातून जो एकटेपणा अंगावर येतो तो मला कुठल्याही चकचकीत अंतराळपटात मिळालेला नाही. पुराण काढून टाका, हा सिनेमा उरतच नाही. ‘कल्की’चंही थोडं तसंच, अश्वत्थाम्याला मिळालेला न मरण्याचा शाप घेऊन तो माणूस पाणी संपलेल्या काशीत अजून जगतोय ही कल्पनाच जबरदस्त आहे. (पहिला तास मात्र रेंगाळतो, ते मान्य.)

आता थाप. ‘एंदिरन’चाच पुढचा भाग, ‘२.०’. मोबाइल टॉवरच्या रेडिएशनने पक्षी मरतात हे सिनेमा जवळजवळ सिद्ध झालेलं सत्य असल्यासारखं मांडतो, आणि मग मेलेल्या पक्षीतज्ज्ञाची ऑरा, म्हणजे मागे उरलेलं तेजोवलय, सगळ्यांचे मोबाइल उडवून नेते. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने तेव्हा सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली होती, त्यांचा धंदा आहे, ते करणारच. पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. पक्षी खरंच कमी होतायत, गवताळ माळरानं जातायत, शेतात औषधं मारली जातायत, हे सगळं समोर असताना कोट्यवधी रुपये खर्चून लोकांच्या डोक्यात चुकीचा आरोपी बसवला. माझा भाचा थिएटरमधून बाहेर आला तो टॉवर मोजत. इथे देव नव्हता, पोथी नव्हती, लॅबचा कोट होता आणि तरी विज्ञान नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याला चिडायचंच होतं तर यावर चिडायचं.

पब्लिकला कळत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात उद्धट वाटतो. २०१५ चा तमिळ ‘इंद्रु नेट्रु नालै’ बघा, दोन बेकार मित्रांना भविष्यातून आलेलं टाइम मशीन सापडतं, ते काय करतात, ज्योतिषाचं दुकान थाटतात! हरवलेली वस्तू शोधून देतो म्हणायचं, गुपचूप मागे जाऊन ती कुठे पडली ते बघायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं. पुढे त्यांच्या एका घोळामुळे पोलिसांच्या गोळीने मरायचा गुंड जिवंत राहतो आणि सगळं वर्तमान फिरतं. कार्यकारणाचा इतका गुंता, आणि तो लोकांनी थिएटरात टाळ्या-शिट्ट्यांसकट बघितला, कारण सिनेमा स्वतःचे नियम पाळतो. मल्याळम ‘मिन्नल मुरली’मधला, वीज पडून अचाट शक्ती मिळालेला शिंपी तर दुसऱ्या राज्यांतल्या लोकांनी सबटायटल लावून बघितला. तेलुगूत सिंगीतम श्रीनिवास राव यांनी १९९१ लाच ‘आदित्य ३६९’ केला होता, टाइम मशीनमधून थेट कृष्णदेवरायाच्या दरबारात आणि तिथून अणुयुद्धानंतरच्या जगात, आणि तो चालला. पब्लिक कधीपासून तयार आहे.

राहिली शेवटची ओळ, मराठीवाली. ती लागली, कारण तिच्यात तथ्य आहे. सुजय डहाकेंचा २०१६ चा ‘फुंतरू’ सोडला तर मोठ्या पडद्यावरचा मराठी साय-फाय सांगा म्हटलं की मी अडते. पण कारण ‘मराठी माणसाला जमत नाही’ हे नाही. तमिळमध्ये सुजाता नावाने लिहिणारे रंगराजन होते, पेशाने इंजिनिअर, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदान यंत्राच्या कामात होते आणि साय-फाय कथा-कादंबऱ्या लिहायचे. ‘एंदिरन’चे दिग्दर्शक शंकर यांनी त्यांना सोबत घेतलं, त्या सिनेमाच्या लिखाणात ते होते. लेखक आणि दिग्दर्शक एका टेबलावर बसले म्हणून चिट्टी जन्मला. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, का, तर नाव बघून बक्षीस नको होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, कपाटच्या कपाट भरलंय. सिनेमावाल्यांपैकी त्या कपाटापाशी किती जण गेले?

मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा मी त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी पुन्हा काढून वाचली. खोदकामात जमिनीखाली एक पेटी सापडते, आत एका संपून गेलेल्या संस्कृतीने ठेवलेली माहिती, आणि त्या माहितीवरून शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवतात, तीच माहिती त्या संस्कृतीला कशाने संपवलं हेही सांगत असताना. एक खड्डा, एक पेटी, एक प्रयोगशाळा, चार-पाच चांगले नट. बाबांना थोडक्यात सांगितली तर त्यांनी विचारलं, ‘याचा सिनेमा कुठे लागलाय?’