पुरवठादाराला वठणीवर आणणारा करार

रत्नागिरीच्या किंवा देवगडच्या बागायतदाराशी हंगामभराचा हापूस ठरवायचा असेल, तर करारात पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत दंड पेरावा. ‘ठरल्या तारखेपर्यंत माल आल्यास पेटीमागे शंभर रुपये जास्त’ आणि ‘तारीख चुकल्यास पेटीमागे शंभर रुपये कापू’ या दोन वाक्यांत, मूळ दर त्या बेताने धरला, तर पैसा तेवढाच फिरतो. परंतु पहिल्या वाक्याने माणूस चार गोष्टी आपणहून करू लागतो आणि अशी सवय लागू देणे धोक्याचे असते. आपण दुसरेच वाक्य घालावे.

मग माल तारखेला येतोच. झाडावर आठवडाभर राहायला हवी होती ती कोवळी फळेही त्यात असतात आणि पेंढ्यात पिकण्याऐवजी ती सुरकुततात. पण करारात तारीख होती, तयार फळाची अट कुठे होती? सालीवर डाग दिसल्यास दंड लावला होता, म्हणून साल निष्कलंक असते. साका, म्हणजे आतल्या गराचा बिघाड, मात्र फळ कापेपर्यंत दिसत नाही, त्यामुळे त्याची चिंता बागायतदाराने का करावी? पेटीवर ‘देवगड’ छापलेले असावे अशी अट होती. ते ठळक छापलेले असते.

‘कोणत्याही कारणाने माल कमी पडल्यास संपूर्ण जबाबदारी पुरवठादाराची’ हे कलम तर विसरूच नये. एरवी अवकाळी पावसाने मोहोर गळाला की संध्याकाळी फोन आला असता, आपण दुसरीकडून सोय केली असती. आता ती बातमी आपल्याला रिकाम्या ट्रकसोबत मिळते.

निर्यातीच्या फळातील कीटकनाशकाच्या अंशासाठी दंडाची भाषा योग्यच, कारण तिथे ‘जवळजवळ मर्यादेत’ असलेला माल कामाचा नसतो. पण पेटीच्या खिळ्यालाही तेवढाच दंड लावला, म्हणजे बागायतदाराला त्या अटीचे वेगळे गांभीर्य राहत नाही.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असून न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते, हे बागायतदाराला कोणी सांगू नये. त्याला ते ठाऊक नसले, तरी पुढच्या वर्षी तो दर सांगताना संभाव्य दंड आधीच पेटीत धरतो आणि तो पैसा आपणच मोजतो. अशा वेळी दंड दुप्पट करावा.