मॉन्टगोमेरी काउंटीतल्या झोनिंगच्या मेसेजबद्दल खुलासा

मेरीलँडमधल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर दोन दिवसांपासून फिरतंय की मॉन्टगोमेरी काउंटीने सिंगल फॅमिली घरांचे सगळे भाग अपार्टमेंटसाठी खुले केले, आता बिल्डर सांगेल तेव्हा घर विकावं लागणार. मीही तो पुढे पाठवला होता, चूक झाली, माफ करा.

काउंटी कौन्सिलने जुलै २०२५ मध्ये ८ विरुद्ध ३ मतांनी झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येतं याच्या नियमांत, जो बदल मंजूर केला, झेडटीए (झोनिंग टेक्स्ट अमेंडमेंट) २५-०२, तो मी आता नीट वाचला. तो काउंटीभर नाहीये, ठरावीक मोठ्या रुंद रस्त्यांना लागून असलेल्या प्लॉटपुरताच आहे, तिथे ड्युप्लेक्स, ट्रिप्लेक्स (म्हणजे एकाच इमारतीत दोन किंवा तीन कुटुंबांची वेगळी घरं), टाउनहाउस (एकमेकांना जोडलेली ओळीतली घरं), छोटी अपार्टमेंट्स बांधता येतील आणि तीन किंवा जास्त घरं असतील तर त्यातली १५ टक्के वर्कफोर्स हाउसिंग, म्हणजे शिक्षक, नर्स यांना परवडतील अशी, ठेवावी लागतात. कोणावर विकायची सक्ती नाही, आहे ते घर तसंच ठेवता येतं.

गोंधळ बहुतेक प्लॅनिंग बोर्डाच्या २०२४ च्या अहवालामुळे झालाय, त्यात आतल्या गल्ल्यांमध्येही ड्युप्लेक्सची शिफारस होती, पण ती या बदलात आलीच नाही.

ट्रॅफिक, शाळांमधली गर्दी, पार्किंग या काळज्या खऱ्या आहेत, मलाही आहेत, आणि त्या कौन्सिलला जरूर लिहा. पण आधी काउंटी प्लॅनिंगच्या ऑनलाइन नकाशावर पत्ता टाकून आपला झोन बघा. ज्येष्ठ मंडळी फार घाबरलीत हो, प्लीज तो जुना मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हा टाका.