ठेकेदाराचं त्रेपन्न

गडचांदूरच्या टपरीवर ठेकेदारानं पेपर बाकावर आपटला. "घ्या! आता शिमिटचं प्रदूषण कमी करा म्हणते. कंपनीनं झाडं लावावी, आपलं काय जाते?"

बंडूभाऊंनी बशी खाली ठेवली. अर्धं आयुष्य किल्नवर, म्हणजे सिमेंटच्या भट्टीवर काढलेला माणूस. "कार्बन कशातून निघते, सांग बरं."

"कोळशातून. अजून कशातून?"

"निम्म्याहून जास्त दगडातूनच निघते बे. १०० किलो चुनखडी भाजली का ४४ किलो हवेत, हाती ५६ किलो चुना. उद्या कोळसा बंद करून किल्न गोबरगॅसवर चालवली, तरी ते ४४ किलो जाणारच."

मास्तर समीकरण मांडायला लागले. त्यांना चहा देऊन थांबवलं.

"मंग काय कारखाने बंद करता?"

"शिमिटात क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून निघालेले गोळे, कमी टाका. पीपीसी नावाच्या शिमिटात ३५ टक्क्यांपर्यंत कोळशाची राख चालते. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात राखेचा काय तोटा हाय?"

"अन् वीजकेंद्र बंद पडलं तर राख कुठून आणसान?" एवढा एकच प्रश्न ठेकेदारानं त्या संध्याकाळी कामाचा विचारला.

"म्हणून तर एलसी-३ हे नवं शिमिट. निम्मं क्लिंकर, बाकी भाजलेली माती, कच्ची चुनखडी अन् थोडं जिप्सम. क्लिंकरले १४५० अंश लागते, माती ८००च्या आसपास भाजते. कार्बन ४० टक्क्यांपर्यंत वाचते. २०२३ पासून त्याले भारतीय मानकाचा आयएस नंबरबी हाय."

"राख, माती! पहिल्या पावसात घर वाहून जाईन! आपण जास्त ताकदीच्या ५३ ग्रेड शिमिटाशिवाय हात लावत नाही." हे मात्र खरं. प्लॅस्टरला ५३, कंपाउंडला ५३, माझ्या काकाच्या गोठ्यातल्या गव्हाणीलाही ५३. बैल काय तिच्यावर दुसरा मजला चढवणार होते?

मास्तरांनी कप ठेवला. "माझा स्लॅबही ५३चाच ना? मग दर पावसाळ्यात देवघरात बादली का ठेवतो मी?"

"तुमची जमीनच खराब, मास्तर."

"जमीन छतावर असते का?"

"चौथ्या दिवशी पाणी मारणं बंद केलं यानं," बंडूभाऊ म्हणाले. "पीपीसीले तर १० ते १४ दिवस पाणी पाहिजे, म्हणून हा ते टाळते. याले पुढच्या साइटची घाई. तुले ताकद नाही पाहिजे बे. घाईचंच नाव तू ५३ ठेवलं."

ठेकेदार गप्प. मला बंडूभाऊंचं मनापासून पटतं. आमच्या तालुक्यातल्या टेकड्या खणून ही चुनखडी निघते, आमच्या पऱ्हाटीच्या पानांवर धूळ बसते. ५३ म्हणजे जवळपास निव्वळ क्लिंकर. एवढी किंमत मोजून मिळालेलं ते क्लिंकर गव्हाणीत पुरताना हात थरथरला पाहिजे. कारखान्यानं काय करायचं ते करावंच, पण पोतं कोणतं आणायचं आणि पाणी किती दिवस मारायचं, हे तर आपल्याच हातात आहे.

"बरं मास्तर," ठेकेदार शेवटी उठला, "तुमच्या वरच्या खोलीले पीपीसी टाकतो. पण पाणी तुम्ही मारा."

"आधी खालचं तर थांबव! देवाची आंघोळ रोज तुझ्याच स्लॅबातून होते."

बंडूभाऊंना हसता हसता ठसका लागला. चहाचे पैसे ठेकेदारालाच द्यावे लागले.